पिठाचं दुपटं

फ्रिजमधून काढलेली बटरची वडी दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये ठेवून ती लाटण्याने बडवत होती. प्रत्येक ठोक्यासरशी ओट्यावरचे चमचे उडत होते आणि शेजारी स्टुलावर उभी असलेली मुलगी डोळे गच्च मिटून घेत होती.

"आई, त्याला का मारतेस?"

"मारत नाहीये. समजावतेय."

"ऐकतंय?"

"कुठलं ऐकायला! तुझ्यावर गेलंय."

मुलगी खूश झाली. तिचं खरं नाव शाळेतल्या हजेरीपुरतंच होतं. एका जागी न टिकणाऱ्या या पोरीला घरात सगळे भिंगरी म्हणत, आणि आज ती एवढा वेळ स्टुलावर उभी होती म्हणजे कामच तसं महत्त्वाचं होतं.

"अगं, हे धाडधाड काय चाललंय? घर पाडायला काढलंस की काय?" ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनमधून नणंदेचा आवाज आला. नणंद इस्त्रीच्या दुकानात काउंटरवर बसायची, आणि तिच्या बोलण्याच्या मागे सतत वाफेचं फुस्सफुस्स चालू असायचं.

"बटर चपटं करतेय, ताई."

"कशाला हा उपद्व्याप? दुकानात तयार पीठ मिळतं. कागद सोडवला की झालं. अंगात अजून धड ताकद नाही आणि निघाली बटराशी कुस्ती खेळायला."

"तयार आणलेलं एवढं फुलत नाही."

"न फुलेना! पोरं काय पापुद्रे मोजून खातात? टाके दुखत नाहीत का तुझे?"

"नाही."

"खोटं बोलतेस."

"हो."

नणंद हसली. तीही हसली. या दोघींचं असंच होतं. एकीने दटावायचं, दुसरीने कबूल करायचं आणि पुढे जायचं.

"पण एवढं करतेयस तरी काय?"

तिने उत्तर देण्याआधीच भिंगरी फोनवर वाकून ओरडली, "आत्या, आम्ही बाळं करतोय!"

पलीकडे फक्त वाफेचा आवाज येत राहिला.

"बरं बरं," नणंद म्हणाली. "गिऱ्हाईक आलंय गं. ठेवते."

गिऱ्हाईक आलेलं नव्हतं. आलं असतं तर दुकानाच्या दाराची घंटा वाजली असती.

तिने बटरची चपटी वडी मैद्याच्या पोळीवर ठेवली, चारी बाजूंनी पीठ वर घेऊन ती झाकली आणि लाटायला घेतली. लाटायचं, घडी घालायची, पुन्हा गार करायचं, पुन्हा लाटायचं. या कामाला घाई चालत नाही. बटर वितळलं की पापुद्रे गेले.

'बाळं' हा या घरातला शब्द होता. बाहेरच्या जगात त्याला पेस्ट्रीत गुंडाळलेले हॉट डॉग म्हणत असतील. भिंगरी रांगत होती तेव्हा आईने ते पहिल्यांदा केले. लांब पट्टी कापून सॉसेजभोवती फिरवायची सोडून तिने चौकोनी तुकडा कापला, त्यावर सॉसेज तिरका ठेवला, पायाकडचं टोक वर घेतलं, एक बाजू आत, दुसरी बाजू आत आणि डोकं बाहेर. मुद्दाम केलं नव्हतं. हातांना तेव्हा गुंडाळायची तेवढी एकच रीत येत होती. नवऱ्याने ताट बघितलं आणि तो म्हणाला, "अगं, ही तर दुपट्यातली बाळं!" तेव्हापासून तोच शब्द रूढ झाला. मला अजून एक बाळ वाढ. तुझं बाळ जरा मोठंच दिसतंय. हे एक बाळ करपलं बघ. अशी वाक्यं या घरात माणसं खदखदून हसत बोलली होती.

ती दवाखान्यातून घरी आली आणि शब्द घरातून गेला. कुणी ठरवलं नव्हतं. टीव्हीवर पावडरची जाहिरात लागली की नवऱ्याचा हात आपसूक रिमोटकडे जायचा. नणंद बोलता बोलता अडखळून 'लेकरू' म्हणायची. शेजारी एक तान्हं होतं. ते रडलं की सगळे एकदम काहीतरी बोलायला लागायचे, आणि तिची छाती दगडासारखी व्हायची. दूध थांबून बरेच दिवस झाले होते, पण छातीला ते कळत नव्हतं.

काल मात्र शाळेतल्या बाईंचा फोन आला. आवाज फारच मऊ होता. "परवा मुलांनी घरचा खाऊ आणायचाय. तर तुमची मुलगी वर्गात सगळ्यांना सांगतेय की माझी आई परवा... म्हणजे, बाळं पाठवणार आहे. मला कळेना तिला काय सांगावं. तुम्हाला मदत लागली तर एक ताई आहेत, मुलांशी फार छान बोलतात."

"बाई, बाळं म्हणजे सॉसेज," ती म्हणाली आणि तिला हसू फुटलं. घरी आल्यापासून पहिल्यांदाच. तिला ते हसू थांबवता येईना, म्हणून मग तिने फोनच ठेवून दिला.

बाळ पोटातच गेलं होतं. तिला घाईघाईने आत नेलं, पूर्ण भूल दिली, आणि पाठोपाठ ताप चढला. ती नीट शुद्धीवर आली तोवर नवऱ्याने आणि नणंदेने सगळं उरकलं होतं. 'उरकलं' हाच शब्द त्याने वापरला. मुलगा होता, एवढं सांगितलं. भिंगरीला काय सांगितलंय, असं तिने विचारलं, तर तो म्हणाला, "बाळाचं येणं रद्द झालं, म्हणून सांगितलंय." बस रद्द होते तसं.

"कसा होता?" तिने तेव्हाच विचारलं होतं.

"तू बघितलं नाहीस तेच बरं."

मग घरी आल्यावर, कपड्यांच्या घड्या घालता घालता, सहज विचारल्यासारखं तिने विचारलं, "नाक कुणाचं होतं रे?" तो गिझर बंद करायला उठला, आणि गिझर बंदच होता. अजून एकदा विचारलं तेव्हा त्याने तिचा हात हातात घेतला, थोपटला आणि म्हणाला, "आपल्याला पुढं बघायला पाहिजे." तो विषय गुंडाळायचा. तेही व्यवस्थित, चारी टोकं आत दुमडून.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. लिफ्टमध्ये माणसं अडकली की त्यांचा फोन त्याच्याकडे यायचा, आणि सुटका होईपर्यंत तो त्यांच्याशी बोलत राहायचा. अनोळखी माणसांशी, तासन्‌तास. त्या बोलण्याबद्दल कंपनीने त्याला एकदा घड्याळ दिलं होतं. घरात ते घड्याळ आता त्याच्यापेक्षा जास्त बोलत होतं.

आणि ती फोटो स्टुडिओत ओळखपत्रांचे फोटो करायची. मागचा पडदा पांढरा करायचा, डोळे एका रेषेत आणायचे, केस बाजूला करून दोन्ही कान दिसतात का बघायचं. चेहरे हीच तिची रोजीरोटी. दिवसाकाठी इतके चेहरे हातांखालून जात की वाटेत ओळख नसलेली माणसं तिला ओळखीची वाटत. तिच्या पोटच्याचा मात्र एक फोटो नव्हता. सुताराच्या घरची खुर्ची मोडकी, तसं. पडल्या पडल्या ती मनात जुळवून बघायची. भिंगरीचं कपाळ, नवऱ्याची हनुवटी, आपले ओठ. जुळवलेला चेहरा टिकायचा नाही. कूस बदलली की पुसला जायचा. तिला दुसरं काही नको होतं. कसा होता, एवढंच कुणीतरी सांगायला हवं होतं.

"आई, आता कापायचं?"

"आता कापायचं."

पीठ फ्रिजमधून शेवटचं बाहेर आलं होतं. तिने मोठी पोळी लाटली, सुरीने चौकोन कापले आणि सॉसेज कागदावर कोरडे करून ठेवले. पहिलं बाळ तिने दाखवण्यासाठी केलं. "बघ हं. पायाकडचं टोक वर. मग ही बाजू, मग ती. कडेला पाण्याचं बोट. डोकं बाहेर."

"माहितीये मला," भिंगरी म्हणाली. "मी मोठी आहे."

दोघी कामाला लागल्या. भिंगरीची बाळं ढगळ व्हायची, एकाचा तर पायच बाहेर आला. "हे लाथ मारतंय," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. आईनेही हसून ते नीट केलं. मग बराच वेळ भिंगरी गप्प होती. ही पोरगी गप्प असली म्हणजे काहीतरी सांडलेलं असतं, म्हणून तिने वळून बघितलं.

भिंगरीने चौकोनाचं वरचं टोक सॉसेजच्या डोक्यावरून खाली आणलं होतं. बाजू दुमडल्या होत्या आणि दुमडीतून पिठाची एक बारीकशी वळी बाहेर काढून ठेवली होती.

"हे काय केलंस? डोकं झाकलं की ते."

"टोपी आहे ती."

"मी तशी नाही दाखवली."

"तुझी रीत नाहीये ही. ते रद्द झालेलं बाळ होतं ना, ते असं होतं."

समोर लाटून झालेला तुकडा होता. ती तो पुन्हा लाटायला लागली.

"तू कधी बघितलंस?"

"तेव्हाच." जीभ बाहेर काढून भिंगरी एक टोक चिकटवत होती. "आत्या मला घेऊन आली ना. म्हणाली, बाहेर थांब. मी नाही थांबले."

"तू कुठे थांबतेस."

"बाबा खुर्चीवर होते. आणि बाळ इथे होतं." तिने स्वतःच्या मांडीवर थाप मारली. फ्रॉकवर पिठाचा पंजा उमटला.

"झोपलं होतं का?"

भिंगरीने मान वर करून तिच्याकडे बघितलं. ज्याला काहीच कळत नाही अशा माणसाकडे बघावं, तसं. "नाही. रद्द झालं होतं."

लाटण्याखालचा तुकडा इतका पातळ झाला की ओटा दिसायला लागला.

"कान दिसत होते?" तिने विचारलं. हेच का विचारलं, ते तिलाही कळलं नाही.

"नाही ना. टोपी होती. दुपट्याचीच, अशी वरून. इथे केस दिसत होते. काळे. चिकटलेले."

"आणि नाक?"

"नाक होतं."

"कसं होतं?"

भिंगरीने विचार केला. "छोटं. नाकासारखं."

"हं." ती म्हणाली. मग त्या पिठाच्या वळीकडे बोट केलं. "आणि हे बाहेर काय आलंय?"

"हात. आत्या तो आत घालत होती, तर बाबा म्हणाले, राहू दे. बाबांनी धरला होता. एका बोटानेच. मावतच नव्हतं दुसरं."

"कुठला हात?"

भिंगरीने आपला उजवा हात वर केला. "हा."

बाहेर जिन्यात कुणीतरी वर चढत गेलं. पावलांचा आवाज दूर जाईपर्यंत ती थांबली.

"बाबा रडत होते?"

"नाही. बोलत होते."

"आत्याशी?"

"बाळाशी."

"काय बोलत होते?"

"मला ऐकू नाही आलं. हळू बोलत होते. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी बोलतात ना, तसं."

तिने लाटणं खाली ठेवलं. ते ओट्यावरून गडगडत गेलं आणि भिंतीला जाऊन थांबलं. तिने ते उचललं नाही.

"मला का नाही सांगितलंस गं?"

"बाबा म्हणाले, आईला सांगू नकोस, आई रडेल." भिंगरी तिच्याकडे निरखून बघत होती. "आणि तू रडतेयस."

"छे. कांद्याने होतंय."

"कांदा कुठेय?"

ओट्यावर कांदा नव्हता. "मग पीठ गेलं असेल डोळ्यात."

"खाली वाक," भिंगरी म्हणाली. ती वाकली. भिंगरीने पिठाच्या दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला आणि गाल फुगवून आधी एका डोळ्यात, मग दुसऱ्या डोळ्यात फुंकर मारली. तिच्या तोंडाला कच्च्या मैद्याचा वास येत होता.

"गेलं?"

"गेलं."

"मग आता अंडं लावू या."

अंडं फेटून झालं. भिंगरी ब्रशने सगळ्यांना सपासप अंडं लावत सुटली. त्या एकाला मात्र तिने आधी काहीच लावलं नाही. मग ब्रश बाजूला ठेवून बोट बुडवलं आणि टोपीवरून, दुमडीवरून, त्या वळीवरून हलकेच फिरवलं. ट्रेच्या कोपऱ्यात ते जरा सुटं ठेवलं.

"हे शाळेत न्यायचं नाही हं," भिंगरीने बजावलं.

"नाही न्यायचं."

"खायचंही नाही. हे आपलं आहे."

ओव्हनच्या काचेला नाक लावून दोघी जमिनीवर बसल्या. पीठ हळूहळू फुगलं. पापुद्रे एकमेकांपासून सुटत वर आले, कडा तांबूस झाल्या. टोपीचं टोक जरा जास्तच भाजलं. हात मात्र होता तसाच राहिला.

नवरा आला तेव्हा भिंगरी पुढच्या खोलीत बाहुल्यांची शाळा भरवून बसली होती. दारातून आत येतानाच तो फोनवर बोलत होता. अवजारांची पिशवी त्याने खांद्यावरून आवाज न करता खाली उतरवली आणि बूट न काढता तिथेच उभा राहिला.

"नाही नाही, पडणार नाही. ती पडूच शकत नाही, तिला चार दोर असतात. आत दिवा आहे ना? मग झालं तर. आता भिंतीला पाठ टेका आणि खाली बसा. आमचा माणूस जिन्यात आहे, येतोच आहे. तोवर मी आहे. मी कुठे जात नाही. घरी कोण कोण असतं तुमच्या?"

ती शाळेचा डबा भरत होती. हा आवाज तिने शेकडो वेळा ऐकला होता. एरवी ती यावर त्याला चिडवायची की बायकोशी बोलायला लिफ्ट अडकवून घ्यावी लागेल. आज ती हातातलं बाळ तसंच धरून ऐकत राहिली. तो खाली मान घालून, अगदी हळू बोलत होता. पलीकडच्या माणसाला त्याचा मुलगा कितवीत आहे ते विचारत होता. मध्येच म्हणत होता, "हो, मी आहे. मी आहे."

मग पलीकडून कुणीतरी दार उघडल्याचा गलका ऐकू आला. त्याने फोन खिशात टाकला, बूट काढले आणि नळाखाली हात धुतले. ग्रीस सहज निघत नाही. तो बराच वेळ साबण घासत होता.

"वास काय सुटलाय! आज काय विशेष?"

"भिंगरीच्या शाळेसाठी केलीत."

'काय' ते ती बोलली नाही. तोही टॉवेलला हात पुसत पुसत टेबलाशी आला. ट्रे जवळजवळ रिकामा झाला होता. डब्यात ओळीने डोकी दिसत होती. त्याने सवयीने ट्रेकडे हात नेला, आणि हात मध्येच राहिला.

ट्रेच्या कोपऱ्यात ते एकटंच होतं.

बाहेरच्या खोलीत भिंगरी बाहुल्यांना दटावत होती. "कुणी बोलायचं नाही. बोलेल त्याला कोपऱ्यात उभं करीन."

त्याने भिंगरीच्या आवाजाच्या दिशेने बघितलं, मग तिच्याकडे. तिने काही विचारलं नाही. डब्याचं झाकण ती लावत होती आणि ते नीट बसत नव्हतं.

दोन बोटांत उचलायची ती वस्तू त्याने दोन्ही हातांनी उचलली. एक तळवा खाली, दुसरा डोक्यामागे. तसाच उभा राहून तो बघत राहिला. अंगठ्याने त्याने पिठाच्या त्या हाताला स्पर्श केला. कुरकुरीत पापुद्र्याचा एक कण सुटून टेबलावर पडला.

"उजवा नाही," तो म्हणाला. "डावा होता."

तिने झाकण तसंच सोडलं. खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसली.